किलो नका सांगू, बेत सांगा

मागच्या अंकात पांढऱ्या रश्शाची कृती दिली होती, त्यात "नेहमीच्या खाटकाकडून छाती आणि मानेचं मटण आणा" असं एक वाक्य सहज लिहून गेलो. रस्सा राहिला बाजूला, निम्म्या वाचकांनी एकच विचारलंय की हा नेहमीचा खाटीक आणायचा कुठून. तर यावेळी सगळी जागा त्यालाच. शाकाहारी मंडळींनी थेट पुढच्या पानावर जावं, तिकडे अळूवडी आहे.

प्रश्न : आम्ही मूळचे कोल्हापूरचे, आता वाकडला फ्लॅट घेतलाय. तिकडे आजोबांच्या वेळेपासूनचा खाटीक ठरलेला, नुसतं जाऊन उभं राहिलं तरी काम व्हायचं. इथे आसपास तीन-चार दुकानं आहेत, एक एसीवालं, बाकी साधी. ॲपवरूनही मागवून बघितलं पण ती चव काही येत नाही. चांगला खाटीक ओळखायचा कसा? – एक वाचक, वाकड

एसी आहे का, बोर्ड किती मोठा आहे, यावरून काहीच कळत नाही हो. मी तरी आत शिरलो की आधी हुकाकडे बघतो. अख्खं बकरं टांगलेलं आहे, त्याची शेपटी केसांसकट तशीच ठेवलीय आणि बोकडाची खूण, म्हणजे अंडकोष, पण ठेवलीय, तर हा माणूस काही लपवत नाहीये. सोलल्यावर शेळी, बोकड, मेंढी यांच्यातला फरक नवख्या माणसाला कळत नाही, म्हणून जुने खाटीक मुद्दाम शेपूट ठेवतात. बकऱ्याची शेपूट आखूड आणि वर वळलेली असते. मग त्या टांगलेल्यातूनच तुमच्यासमोर तोडून देतो का ते बघायचं, की ट्रेमध्ये आधीच तुकडे करून ठेवलेत आणि त्यातलेच मूठमूठभर टाकतोय. ट्रेतलं सगळं वाईट असतं असं नाही, पण कुठल्या जनावराचं, कधीचं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

दुसरं म्हणजे आकार. सोललेलं बकरं आठ-दहा किलोच्या आसपासचं असेल तर कोवळं, लवकर शिजणारं. पंधरा-अठरा किलोचं धूड असेल तर रस्सा चवदार होईल पण शिट्ट्या मोजत बसावं लागेल. आणि मोठा, खच्ची न केलेला बोकड असला तर त्याला एक उग्र दर्प येतो, तो शिजवूनही जात नाही, घरातली पोरं ताट सरकवतात. चरबी पांढरीशुभ्र हवी, मांस गुलाबी-लालसर, बोट लावलं तर चिकट नको. हात लावायला नको म्हणत असेल तर ठीक आहे, ते बरोबरच आहे त्याचं, पण नाक तर लावता येतं ना.

तिसरी गोष्ट म्हणजे खप, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. सकाळी सातला चार बकरी टांगलेली होती आणि साडेअकराला हुक रिकामे, तर डोळे झाकून जा. संध्याकाळी आठला तीच एक मांडी लटकत काळी पडत चाललीय, तर दुकान कितीही देखणं असू दे, राम राम. रविवारी सगळ्यांचाच माल खपतो, त्यामुळे रविवारी बघून काही उपयोग नाही, बुधवारी जा. बुधवारी ज्याच्याकडे गिऱ्हाईक उभं असतं तो खरा.

ज्या ओंडक्यावर तो मटण तोडतो तो पण बघून घ्या. बरेचदा चिंचेच्या लाकडाचा असतो, कारण ते चिवट, घावांनी त्याचा भुसा पडत नाही. चांगला खाटीक दुकान बंद करताना तो खरवडून, मीठ चोळून ठेवतो. ओंडक्याच्या खाचांत काळपट लगदा साचलेला दिसला आणि आंबूस वास आला तर बाहेरूनच परत फिरायचं.

पण हे सगळं झाल्यावर एक शेवटची परीक्षा असते आणि ती अगदी सोपी आहे, तो तुम्हाला विचारतो का, "काय करणार?" जो विचारतो तो तुमच्या पातेल्याचा विचार करून तोडतो. जो "किती?" एवढंच विचारतो तो वजन विकतो. तुमच्या आजोबांच्या खाटकाला हे विचारावं लागत नसेल कारण त्याला घरातली माणसंच पाठ, पाहुणे कधी येणार तेही पाठ. ती चव जी म्हणताय ना, ती निम्मी त्या निवडीची आहे. त्यात थोडी मान, थोडी छाती, दोन नळ्या (पायाची पोकळ हाडं), चिमूटभर चरबी असं गुपचूप पडायचं. ॲपवाल्याच्या डब्यात एकसारखे, साफसूफ केलेले तुकडे येतात, थंडगार येतात, वजनही चोख असतं, त्यात मला खोट काढायची नाही, पण रश्शाला जे लागतं तेच नेमकं कापून फेकलेलं असतं.

शोधायचं कुठून हा प्रश्न राहिला. सोसायटीच्या ग्रुपवर विचाराल तर बारा लोक बारा नावं सांगतील, त्यापेक्षा जवळपास जी मटण-भाकरीची खानावळ चांगली चालते तिथे जेवा आणि पैसे देताना मालकाला विचारा की दादा, मटण कुठनं घेता. रोज घेणारा माणूस आहे, त्याला फसवून खाटकाला परवडत नाही. मग तिथून आधी अर्धाच किलो घ्या. पुढच्या वेळी गेलात की सांगा, "मागचं छान शिजलं" किंवा "मागचं जरा निबर निघालं". हे सांगणारं गिऱ्हाईक फार कमी असतं आणि असं गिऱ्हाईक खाटीक विसरत नाही.

प्रश्न : कोथरूडला आमच्या इथे एका दुकानावर "बोल्हाईचे मटण मिळेल" असा बोर्ड आहे. हा काय प्रकार, काही मसाला लावून देतात का? – नागपूरहून पुण्यात आलेली वाचक

नाही नाही, मसाला वगैरे काही नाही. ते मेंढीचं मटण. पुण्याजवळ हवेली तालुक्यात वाडे बोल्हाई म्हणून गाव आहे, तिथल्या बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांमध्ये शेळी-बोकड खात नाहीत, फक्त मेंढीचं चालतं. अशी घरं पुण्यात आणि आसपास पुष्कळ, म्हणून दुकानदार वेगळा बोर्ड लावतो, आणि जो प्रामाणिक आहे तो सुरा आणि ओंडकासुद्धा वेगळा ठेवतो. तुम्हाला पाळायचं नसेल तरी एकदा खाऊन बघा, चरबी जास्त असते, मऊ असतं, वास थोडा वेगळा. गरम गरम खायचं मात्र, गार झालं की वर चरबीची साय धरते. खरी अडचण उलटी आहे. काही ठिकाणी बोर्डावर बोकड आणि पिशवीत मेंढी असा उद्योग चालतो, म्हणूनच ते शेपटीचं प्रकरण वर एवढं लावून धरलं.

प्रश्न : मी 26 वर्षांची आहे, हिंजवडीत जॉब, एकटी राहते. स्वयंपाक येतो पण मटणाच्या दुकानात गेले की गांगरते. सगळे पुरुष, सगळे घाईत, मला कुठला भाग मागायचा तेच कळत नाही, मग "अर्धा किलो द्या" म्हणते आणि जे मिळेल ते घेऊन येते. – एक वाचक

"अर्धा किलो द्या" म्हटलं की समोर जे पडलंय ते मिळतं, त्यात खाटकाचाही फार दोष नाही, तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलंच नाही ना. पुढच्या वेळी असं म्हणून बघा, "दादा, तिघी मैत्रिणी येणारेत, रस्सा करायचाय, भाकरीबरोबर." बास. आता बघा तो काय करतो ते. हुकावरचं बकरं फिरवेल, मानेखालून एक तुकडा काढेल, मग छातीच्या कडेची ती मऊ हाडं, जी दाताखाली कुरकुरतात, ती दोन-चार, मग मांडीतून मांसाचा भाग आणि शेवटी नळी ओंडक्यावर आडवी ठेवून सत्तूरचा, म्हणजे जड रुंद सुऱ्याचा, एकच घाव, म्हणजे आतला मगज फुटत नाही आणि रश्शात उतरतो. हे सगळं होताना तिथेच उभं राहायचं, मोबाईल खिशात. पैसे देऊन "येते पाच मिनिटात" म्हणून भाजी आणायला गेलात की संपलं.

सुकं करायचं असेल तर पुढच्या पायाचं, म्हणजे फऱ्याचं मागा आणि तुकडे लहान करून घ्या. बिर्याणीला तुकडे मोठे हवेत, हाडासकट, मांडी आणि फरा मिळून, छाती नको, तिचं हाड भातात विखुरतं आणि खाणारा वैतागतो. पांढऱ्या रश्शाला किंवा अळणी पाण्याला (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) मान, नळ्या, छाती. चाप, म्हणजे बरगड्यांचे तुकडे, वेगळ्या काढून घेतल्या तर तव्यावर परतायला फर्स्टक्लास, पण एका बकऱ्याच्या चाप असतात किती, त्यामुळे उशिरा जाऊन चाप मागू नये, तो हसेल.

खिमा कधीच तयार घ्यायचा नाही. मांडीचा किंवा फऱ्याचा तुकडा दाखवायचा, वरचा पांढरा पापुद्रा काढायला सांगायचा आणि समोर करून घ्यायचा. सत्तूरने हाताने केलेला खिमा मशीनच्या खिम्यापेक्षा मोकळा होतो, शिजल्यावर त्याचे गोळे होत नाहीत, पण रविवारी गर्दीत कोणी हाताने करून देणार नाही, त्यासाठी मधल्या वारी जा. आणि कलेजी हवी असेल तर सकाळी लवकर. एका बकऱ्याची कलेजी तीन-चारशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि मागणारे वीस असतात, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तो बाजूला काढून ठेवतो, आदल्या संध्याकाळी फोन केला की झालं.

राहिली पुरुषांच्या गर्दीची गोष्ट. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास जाऊन बघा, गर्दी नसते, बोलायला वेळ असतो, दोन-तीनदा गेलात की "काय ताई, आज काय बेत?" असं तोच विचारेल. आणि कोणी उगाच वेडंवाकडं बोललं किंवा चेष्टा केली तर त्या दुकानात पुन्हा पाय ठेवायचा नाही, मटण कितीही चांगलं असो.

प्रश्न : डोंबिवलीत आमचा खाटीक चांगला आहे, टांगलेल्या बकऱ्यातून समोर तोडून ताजं देतो, तरी मटण कधीकधी रबरासारखं होतं, सात-आठ शिट्ट्या देऊनही. मग ताजं असून काय फायदा? – गृहिणी, डोंबिवली

ताजं आहे म्हणूनच होतं असं सांगितलं तर पटेल का? बकरं कापल्यावर सुरुवातीचे थोडे तास मांस सैल असतं, मग ते आखडायला लागतं, ताठ होतं, आणि त्यानंतर एखाद दिवसाने परत हळूहळू सैल पडतं. हे प्रत्येक जनावरात होतं. पूर्वी गावाकडे बकरं पडलं की तासा-दोन तासात चुलीवर चढायचं, म्हणजे ताठरायच्या आतच. आता काय होतं, खाटीक पहाटे पाचला कापतो, तुम्ही दहाला आणता, फोडणी पडते बाराला, म्हणजे नेमकं सगळ्यात ताठ असताना तुम्ही त्याला कुकरमध्ये घालता. त्यापेक्षा एकतर अगदी लवकर आणून लगेच शिजवा, नाहीतर आदल्या दिवशी आणा, धुऊन हळद-मीठ-आलं-लसूण लावून रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात झाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी करा. फरक तुमचा तुम्हालाच कळेल. आणलं आणलं आणि थेट फ्रीजरमध्ये टाकलं असं मात्र करू नका, ताठरलेलं मांस तसंच गोठतं, नंतर काढलं की आणखी चिवट. फ्रीजर करायचाच असेल तर एक दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग.

बाकी शिजवताना गार पाणी ओतू नका, कांद्यावर चांगलं परतून, पातेल्यावर ताट ठेवून त्यात पाणी घालायचं आणि तेच गरम झालेलं पाणी आत सोडायचं, ही आपली जुनी रीत आहे ती उगाच नाही. फारच निबर जनावर असेल तर कच्च्या पपईचा चमचाभर कीस लावा, अर्धा तास, जास्त वेळ नको, नाहीतर मटणाचा लगदा होतो. आणि एवढं करूनही दर वेळी रबरच निघत असेल तर मग तुमचा खाटीक चांगला आहे हे वाक्य परत तपासायला हवं, तो म्हातारी शेळी देत असणार.

प्रश्न : एकाच गल्लीत तीन दुकानं आणि तिघांचे दर वेगळे, किलोमागे शंभर रुपयांचा फरक. स्वस्तवाल्याकडून घेतलं तर काय बिघडतं? – वाचक, सांगली

साधं गणित बघा. वीस किलोचं जिवंत बकरं घेतलं तर त्यातून मटण निघतं नऊ-दहा किलो, बाकी कातडं, आतडी, रक्त, मुंडी, पाय. म्हणजे बाजारात जिवंत वजनाला जो भाव चालू आहे त्याच्या दुप्पट धरा, त्यावर कापणावळ, दुकानभाडं, माणसाचा पगार. मुंडी-पाय, वजडी (पोट-आतडी) विकून थोडं सुटतं. पुण्यात हल्ली किलोला आठशेच्या आसपास किंवा वरच भाव ऐकू येतो तो असा तयार होतो, आणि या हिशोबात एखादा शंभर रुपये कमी कसे करतो हे तुम्हीच विचारा. एकतर शेळी किंवा मेंढी बोकडाच्या नावावर जाते, किंवा जनावर मोठं, जून असतं, किंवा मटणात चरबीचे गोळे आणि वजडीचे तुकडे टाकून वजन भरतात, किंवा तुकडे पाण्यात बुडवून ठेवलेले असतात, ते तव्यावर टाकले की पाणीच पाणी.

हाडांवरून मात्र भांडू नका. किलोला साधारण पाव किलो हाड असणारच, बकऱ्याला हाडं असतात त्याला खाटीक काय करणार, आणि हाडाशिवाय रश्शाला चव येत नाही. भांडायचं ते वजनकाट्यावरून. पिशवी ठेवायच्या आधी काट्यावर शून्य दिसलं पाहिजे.

दराच्या बाबतीत लोक काय करू शकतात हे तुमच्या शेजारच्या कोल्हापूरने 2019 च्या शेवटी दाखवलंच होतं, मटण महागलं म्हणून माणसं रस्त्यावर उतरली, कृती समिती झाली, विक्रेत्यांबरोबर बैठका झाल्या. पेट्रोलसाठी झालं नाही ते मटणासाठी झालं. पण त्यातही विक्रेते म्हणत होते की जनावरंच महाग झाली, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

प्रश्न : हलाल की झटका? आमच्याकडे यावर घरात वाद होतात. चवीत खरंच फरक पडतो का? – वाचक, नाशिक

ज्याला जे चालतं ते त्याने घ्यावं, दुकानात सरळ विचारावं, कोणाला राग येत नाही. हिंदू खाटीक समाजाची दुकानं आहेत, मुसलमान खाटकांची आहेत, दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा. आपल्या कित्येक गावांत तर जत्रेचं बकरं कापायला गावचा मुसलमान मुलाणीच यायचा, तो त्याचा गावकीतला मान होता आणि त्याचा वाटाही ठरलेला असायचा, त्यावरून कधी कोणाचं जेवण अडलं नाही. 2025 मध्ये झटक्याच्या दुकानांसाठी "मल्हार" नावाचं प्रमाणपत्र आलं आणि बरीच चर्चा झाली. कोणी कापलं, कसं कापलं, हे प्रमाणपत्र सांगेल, बकरं किती वयाचं होतं आणि कधी कापलं हे नाही सांगणार. चव ठरते ती त्या दोन गोष्टींवर.

प्रश्न : वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देतात, माशा असतात, कोंबड्यांचे पिंजरे बाजूलाच. माझा मुलगा म्हणतो असल्या दुकानात जाऊच नका. – निवृत्त शिक्षक, ठाणे

मुलाचं बरंचसं बरोबर आहे, सर. छापील कागदात खाण्याची वस्तू बांधू नये असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियमच आहे, ती शाई ओल्या मांसाला लागते. उपाय सोपा, घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्या. जुन्या खाटकांना तो आवडतो, नवे थोडे दचकतात. माशांच्या बाबतीत अजिबात दयामाया नको, जाळी, पडदा, काचेचं कपाट काहीतरी असलंच पाहिजे. कोंबड्या सोलतो त्याच ओंडक्यावर मटण तोडत असेल तर तिथून घेऊ नका, कोंबडीचं पाणी सगळ्यात वाईट. भिंतीवर परवाना लावलेला असतो, त्यावर चौदा आकडी नंबर असतो, तो बघायला लाजू नका.

मुंबई-ठाण्याकडे अजून एक बघता येतं. महापालिकेच्या कत्तलखान्यात जनावरांचे डॉक्टर तपासतात आणि पास झालेल्या मालावर शिक्का मारतात, मुंबईचा मोठा कत्तलखाना देवनारचा, 1971 पासूनचा. मांडीवर तो जांभळट शिक्का दिसला तर निदान जनावर आजारी नव्हतं एवढी खात्री. नसेल तर विचारा, "कुठे कापता?" उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पण साधं दुकान म्हणजे घाणेरडं असं समीकरण नको, एवढं मुलाला सांगा. पुण्यात कॅम्पातलं शिवाजी मार्केट बघा, इंग्रजांच्या काळातली दगडी इमारत, खाली ओल, आवाज, गोंधळ, बाहेरून आलेला माणूस नाक मुरडतो, पण तिथे मालाची उलाढालच एवढी की शिळं राहायला वेळ मिळत नाही, आणि एकाकडे नाही आवडलं तर शेजारी दुसरा उभाच आहे.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला असतो. इथे हलाल दुकानांत गोट मिळतं, पण दर घासाला हाडाची कच लागते. – एक वाचक

ती कच करवतीची. तिकडे बरेचदा अख्खं गोट इलेक्ट्रिक करवतीखाली घालून पाच मिनिटांत चौकोनी तुकडे करतात, हाडाचा भुगा मांसाला चिकटून बसतो. त्याला सांगा की मोठे भाग करून दे, मांडी वेगळी, फरा वेगळा, आणि हाताने सुऱ्याने तोडून देणारा कोणी असेल तर त्याची पाळी कधी असते ते विचारून त्याच वेळेला जा. नाहीच जमलं तर घरी सांध्यात सुरी घालून तुम्हीच सुटं करा, सांध्यातून आरामात निघतं. करवतीचं घ्यावंच लागलं तर वाहत्या पाण्याखाली एकेक तुकडा चोळून धुवा. आणि "गोट" म्हणूनच मागा, मटण म्हटलंत तर मेंढी हातात पडायची शक्यता जास्त.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना वजडी फार आवडते. पूर्वी पेठेत राहायचो तेव्हा सहज मिळायची, आता बाणेरला कोणी ठेवतच नाही, एकाने तर "फेकून देतो" म्हणून सांगितलं. – वाचक, पुणे

फेकून देतो म्हणाला तो खाटीक नाही, नुसता विक्रेता. त्याच्याकडे माल कापून येतो, त्याच्या हातात वजडी कधी पडतच नाही. तुम्हाला जो स्वतः बकरं सोलतो तो हवा, म्हणजे पेठांमधला, कॅम्पातला किंवा आसपासच्या जुन्या गावठाणातला, बाणेर-बालेवाडीतही मूळ गावठाणाच्या बाजूला चौकशी करून बघा. आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, "वजडी एक, अर्धवट साफ करून." वजडी साफ करणं म्हणजे निम्मा दिवस जातो, आतडी उलटी करून धुवायची, पोटाचा तो टॉवेलसारखा खरखरीत भाग गरम पाण्यात बुडवून खरवडायचा, त्यातही पाणी फार उकळतं असेल तर काळी साल उलट घट्ट बसते, हाताला जेमतेम सोसेल एवढंच गरम हवं. दुकानात थोडे पैसे जास्त घेऊन ही पहिली साफसफाई करून देतात, ते खुशाल द्या. घरी आणून परत मीठ, हळद, लिंबू चोळून दोन-तीन पाण्यांतून काढा, एकदा उकळून ते पाणी टाकून द्या आणि मग फोडणी. खिडक्या उघड्या ठेवा, शेजारी नवीन असतील तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मुंडी-पायांचं पण तसंच, ते भाजून द्यायला सांगायचं, गॅसवर घरी भाजत बसलात तर जळक्या केसांचा वास पडद्यांना चार दिवस राहतो. सासऱ्यांना एकदा सोबत घेऊन जा, त्यांनी समोर उभं राहून "ही नको, ती दे" म्हटलं की खाटकालाही कळतं की इथे जाणकार माणूस आलाय.

प्रश्न : गटारीला आमच्याकडे वीस माणसं असतात. दरवर्षी दोन-दोन तास रांग आणि मटण मिळतं ते यथातथाच. काही युक्ती? – वाचक, पिंपरी

गटारीच्या दिवशी जगातला कुठलाही खाटीक चांगला नसतो. त्या दिवशी तो हात चालवतो, डोकं नाही, कारण समोर दोनशे माणसं उभी असतात. धुळवडीचंही तेच. मोठी मोठी जनावरं आणून ठेवलेली असतात, तुकडे भराभर पडतात, निवड वगैरे विसरा. वीस माणसांना पाच-सहा किलो लागणार, म्हणजे तुम्ही रांगेत उभंच राहायचं नाही, आठवडाभर आधी जाऊन एक छोटं बकरं अख्खं ठरवायचं, थोडा ॲडव्हान्स द्यायचा, आणि बेत सांगायचा, एवढा रस्सा, एवढं सुकं, कलेजी वेगळी, मुंडी-पाय वेगळे. आदल्या दिवशी दुपारनंतर आणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तर वर सांगितलं तसं शिजायलाही सोपं. अमावस्या सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी आली तर लोक आधीच्याच रविवारी-बुधवारी उरकतात, तेव्हा कॅलेंडर बघून तारीख ठरवा, नाहीतर तुम्ही शांतपणे आदल्या दिवशी जाल आणि तिथे अख्खी पिंपरी उभी असेल.

आणि तुमच्या घरात श्रावण पाळत नसाल तर नवीन खाटीक शोधायला तोच महिना चांगला, बिचारा मोकळा बसलेला असतो, हवं ते दाखवतो, हवं तसं तोडून देतो. फक्त खप कमी असल्यामुळे रोज बकरं पडत नाही, म्हणून आठवड्यातल्या कुठल्या वारी कापतो ते आधी विचारून त्याच सकाळी जायचं.